दूध बाधते तेव्हा

मराठी घरात दुधाला जो मान आहे, तो दुसऱ्या कोणत्याही अन्नाला क्वचितच मिळत असेल. आजाऱ्याला उठवून बसवावयाचे ते दुधाच्या पेल्यासाठी, बाळंतिणीला आग्रह करावयाचा तो दुधाचा, आणि परीक्षेला बसणाऱ्या मुलाच्या हाती सकाळी ठेवावयाचा तोही दुधाचाच पेला. कर्नाटकाच्या ईशान्य टोकास असलेल्या बिदर आणि कलबुर्गी या जिल्ह्यांत हा मान तर तीन भाषांतून व्यक्त होतो. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या सीमेवरील तालुक्यांत एकाच गल्लीत मराठी, कानडी आणि उर्दू बोलणारी घरे शेजारी शेजारी नांदतात. एका घरातले ताक दुसऱ्या घरात मज्जिगे होते आणि तिसऱ्यात छाछ. पण दूध हे अमृत आहे, याविषयी तिन्ही घरांचे एकमत असते.

अशा दुधावर संशय घ्यावयास सहसा कोणी धजत नाही. वृद्ध गृहस्थांनी रात्री पेलाभर दूध घेतले आणि पोट नगाऱ्यासारखे फुगले, तर त्याला वात म्हणतात. सुनेला न्याहारीनंतर तासाभराने मुरडा आला, तर तो आमांश ठरतो. शाळकरी मुलगा दुधाचा पेला पाहून तोंड फिरवू लागला, तर तो लाडावलेला असतो. पेला रिकामा करून पोट धरून बसला, तर त्याला जंत झालेले असतात किंवा कोणाची दृष्ट लागलेली असते. वात, आमांश, जंत, दृष्ट या सर्वांची चौकशी होते. पोटात तासाभरापूर्वी काय गेले, याची मात्र होत नाही. मग आमांशाची औषधे एकामागून एक दिली जातात, दोन दिवस बरे वाटते, आणि तिसऱ्या दिवशी दुधाच्या पेल्याबरोबर दुखणे पुन्हा दाराशी येऊन उभे राहते.

याच्या उलट प्रकारही घडतो. दुधाने त्रास होतो असे एकदा मनाने घेतले, म्हणजे दूध, दही, ताक, लोणी सारेच वर्ज्य केले जाते. इतकेच नव्हे, तर जुलाब लागलेल्या तान्ह्या बाळाचे अंगावरचे दूधही तोडले जाते. पहिल्या चुकीने पैसा आणि उमेद जाते. दुसऱ्या चुकीने बालकाचा जीवही धोक्यात येऊ शकतो. म्हणून दूध खरोखर कोणाला बाधते, ते कोणत्या लक्षणांवरून ओळखावे आणि ओळखल्यावर काय सोडावे व काय सोडू नये, हे प्रत्येक घराला माहीत असणे अगत्याचे आहे.

दुधात स्निग्ध पदार्थ, प्रथिने आणि खनिजे यांखेरीज एक साखर असते. तिला दुग्धशर्करा किंवा लॅक्टोज म्हणतात. गाईम्हशींच्या दुधात ती शेकडा पाचच्या आसपास असते. आईच्या दुधात तर शेकडा सात. ही साखर जशीच्या तशी रक्तात जाऊ शकत नाही. ती दोन लहान शर्करांची बनलेली असते, आणि ती जोडी फोडण्यासाठी लहान आतड्याच्या आतील अस्तरावर लॅक्टेज नावाचे एक पाचकद्रव्य तयार होत असते. हे पाचकद्रव्य पुरेसे असेल, तर साखर फुटते, रक्तात शोषली जाते आणि दूध अंगी लागते. ते अपुरे असेल, तर न फुटलेली साखर पुढे मोठ्या आतड्यात जाऊन पडते.

मोठ्या आतड्यात कोट्यवधी सूक्ष्म जंतूंची वस्ती असते. त्यांना ही आयती साखर मिळाली, म्हणजे ते तिला आंबवू लागतात. पिठात खमीर घातल्यावर ज्याप्रमाणे ते फसफसून वर येते, काहीसा त्याच जातीचा प्रकार पोटात घडतो. वायू उत्पन्न होतो, पोट तट्ट होते, गुरगुर ऐकू येते. शिवाय न पचलेली साखर आपल्याबरोबर पाणी ओढून धरते. त्यामुळे शौचास पातळ, फेसाळ आणि आंबूस वासाचे होते. एवढाच या दुखण्याचा उलगडा आहे. त्यात दुधाचा दोष नाही आणि पिणाऱ्याचाही नाही. साखर अधिक आणि तिला फोडणारे द्रव्य कमी, असा हा साधा हिशेब आहे.

हे द्रव्य कमी का पडते, हे समजून घेतले म्हणजे पुष्कळशी भीती नाहीशी होते. सस्तन प्राण्यांचा निसर्गनियमच असा, की पिल्लू आईच्या दुधावर असेपर्यंत लॅक्टेज भरपूर असावे आणि दूध सुटल्यावर ते हळूहळू ओसरावे. वासरू, कोकरू, मांजरीचे पिल्लू या सर्वांच्या बाबतीत असेच होते. माणसाचे मूलही बहुधा याच वाटेने जाते. तीनचार वर्षांचे वय ओलांडल्यानंतर बहुसंख्य मुलांमध्ये लॅक्टेज उतरणीस लागते, आणि त्याचा परिणाम शाळेच्या वयात किंवा तारुण्यात जाणवू लागतो. जगातील प्रौढ माणसांपैकी सुमारे दोनतृतीयांश लोकांची स्थिती अशीच आहे. ज्यांना मोठेपणीही दूध पूर्ण पचते, ते वास्तविक या नियमाचे अपवाद होत. उत्तर युरोपातील लोक, अरबस्तान व आफ्रिका येथील काही पशुपालक समाज आणि भारताच्या वायव्येकडील पुष्कळ लोक या अपवादात मोडतात.

वैद्यकशास्त्राला ही गोष्ट उमगली त्याला फार काळ झालेला नाही. प्रौढ माणसाच्या आतड्यात लॅक्टेज कमी असू शकते, याचा स्पष्ट पुरावा १९६३ च्या सुमारास युरोपातील संशोधकांनी पुढे आणला. तोपर्यंत पाश्चात्त्य पाठ्यपुस्तके मोठेपणी दूध पचणे हाच सर्व मानवजातीचा धर्म समजत होती. भारतात १९८१ साली टंडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तरेतील आणि दक्षिणेतील निरोगी माणसांची तुलना प्रसिद्ध केली. दक्षिणेत शेकडा ६६ हून अधिक, तर उत्तरेत शेकडा २७ लोकांना दुग्धशर्करा सोसत नाही, असे तीत आढळले. २००२ साली फिनलंडमधील शास्त्रज्ञांनी या भेदाच्या मुळाशी असलेला आनुवंशिक फरक शोधून काढला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसून आले, की युरोपातील पशुपालकांमध्ये जो फरक आढळतो तोच भारतातही आहे. तो वायव्येकडे अधिक आढळतो, दक्षिणेकडे व पूर्वेकडे विरळ होत जातो, आणि निलगिरीतील तोडांसारख्या गोपालक समाजात मात्र पुन्हा ठळकपणे दिसतो.

बिदर आणि कलबुर्गी हा टापू दख्खनच्या पठारावर, उत्तर आणि दक्षिण यांच्या मधोमध वसलेला. १९५६ पूर्वी हे जिल्हे हैदराबाद संस्थानाच्या मराठी-कानडी-तेलुगू संसाराचे भाग होते. राज्यपुनर्रचनेत ते म्हैसूर राज्यात गेले, तर उदगीर, निलंगा हे तालुके मराठी भागात राहिले. सीमेची रेघ मधून गेली, पण नातीगोती दोहोंकडे तशीच राहिली. साहजिकच एकाच कुटुंबात दूध पचणारी आणि न पचणारी अशी दोन्ही प्रकारची माणसे असू शकतात. सासूला पेलाभर दूध पचते म्हणून सुनेलाही ते पचलेच पाहिजे, असा नियम नाही. एका भावाला पचते म्हणून दुसऱ्याने ढोंग केले, असेही ठरत नाही.

आता लक्षणांकडे वळावे. ती ओळखताना चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात: वेळ, प्रकार, प्रमाण आणि पुनरावृत्ती.

पहिली गोष्ट वेळेची. दूध घेतल्यानंतर साधारणपणे अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत त्रास सुरू होतो. क्वचित तो थोडा अधिक लांबतो. परंतु सोमवारी घेतलेल्या दुधाने बुधवारी पोट बिघडले, असे सहसा होत नाही. दुसरी गोष्ट प्रकाराची. पोट फुगणे, गुरगुरणे, वारा सरणे, बेंबीभोवती किंवा ओटीपोटात कळा येणे, थोडी मळमळ आणि पातळ शौच ही या दुखण्याची लक्षणे. सर्वांना सर्व लक्षणे होतात असे नाही. कोणाचे नुसतेच पोट फुगते, तर कोणाला केवळ कळ येते. शौचास होऊन गेले किंवा वारा सरला, की बहुधा आराम पडतो. तिसरी गोष्ट प्रमाणाची. चहात पडणाऱ्या चारसहा चमचे दुधाने काही होत नाही. पेलाभर दुधाने होते. बासुंदीची दुसरी वाटी घेतली तर अधिकच होते. त्रास जर मापाबरोबर वाढत आणि घटत असेल, तर संशय दुग्धशर्करेवर घ्यावा. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुनरावृत्तीची. एकदा दूध पिऊन पोट बिघडले, यावरून काहीच सिद्ध होत नाही. दूध नासलेले असेल, भांडे अस्वच्छ असेल किंवा आदल्या रात्रीचे जेवण जड झाले असेल. परंतु दूध घेतले की त्रास, सोडले की आराम, आणि पुन्हा घेतले की पुन्हा त्रास, असा क्रम तीनचार वेळा दिसला, तर तो योगायोग नव्हे.

येथे एक सामाजिक अडचण आड येते. पोटातील वायू हा आपल्याकडे चेष्टेचा विषय समजला जातो. त्यामुळे वर्गात बसलेला मुलगा, एकत्र कुटुंबातील सून किंवा कचेरीत काम करणारी मुलगी हे दुखणे बोलून दाखवीत नाही. स्त्रिया तर त्रास सोसतात, काम रेटतात आणि हळूच आपल्या वाट्याचे दूध दुसऱ्याच्या पेल्यात ओततात. घरातील वडीलधाऱ्यांनी अशा गोष्टींची हेटाळणी न करता साधी चौकशी केली, तर वैद्याकडे जाण्यापूर्वीच अर्धे निदान होऊन जाते.

मात्र कोणती लक्षणे या दुखण्याची नव्हेत, हे जाणणे त्याहूनही आवश्यक आहे. दुग्धशर्करा न सोसण्याने ताप येत नाही. शौचात रक्त पडत नाही. वजन उतरत नाही, भूक मरत नाही, अंगात पांढुरकेपणा येत नाही. झोपेतून उठवणारे जुलाब होत नाहीत. यांपैकी काहीही असेल, तर दुधावर दोष ठेवून स्वस्थ बसू नये. आमांश, जिआर्डियासारखे परजीवी जंतू, आतड्याचा क्षय, आतड्याला येणारी सूज किंवा गव्हातील एका प्रथिनामुळे होणारा विकार, अशी निरनिराळी कारणे त्यामागे असू शकतात, आणि त्यांवर वेळीच उपचार व्हावे लागतात. पन्नाशी उलटलेल्या माणसाला शौचाची नवीनच तक्रार सुरू झाली, तर तिचीही तपासणी करून घ्यावी. बिदर आणि कलबुर्गी येथे वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. तालुक्याच्या ठिकाणच्या दवाखान्यातून तेथे पाठवणी होऊ शकते.

दुधाची ॲलर्जी हीदेखील वेगळी गोष्ट होय. तिचा संबंध साखरेशी नसून दुधातील प्रथिनांशी असतो. अंगावर गांधी उठणे, ओठ व डोळे सुजणे, धाप लागणे, वारंवार वांती होणे, तान्ह्या मुलाच्या शौचात रक्त दिसणे ही तिची लक्षणे. येथे प्रमाणाचा प्रश्न उरत नाही. थोडेसे दूधही घातक होऊ शकते. अशा वेळी घरगुती प्रयोग न करता तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

वर सांगितलेली धोक्याची लक्षणे नसतील आणि संशय दुधावरच असेल, तर मोठ्या माणसाला घरच्या घरी एक साधी परीक्षा करता येते. दोन आठवडे दूध आणि दुधाचे गोड पदार्थ पूर्णपणे बंद ठेवावेत. या काळात रोज काय खाल्ले आणि पोट कसे होते, हे वहीत दोन ओळींत लिहून ठेवावे. त्रास थांबला, तर पंधराव्या दिवशी सकाळी पेलाभर दूध रिकाम्या पोटी घ्यावे आणि पुढील तीनचार तास लक्ष ठेवावे. त्रास परत आला, तर निदान जवळजवळ झाले. दूध बंद करूनही त्रास तसाच राहिला, तर दूध निर्दोष आहे असे समजून दुसरे कारण शोधावे. या वहीचा उपयोग डॉक्टरांनाही होतो, कारण रुग्णाच्या आठवणीपेक्षा कागद अधिक खरे बोलतो.

मोठ्या शहरांतील पोटविकारतज्ज्ञांकडे यासाठी श्वासाची एक परीक्षा केली जाते. उपाशीपोटी पाण्यात विरघळवलेली दुग्धशर्करा पिण्यास देतात आणि काही तास ठरावीक अंतराने श्वास तपासतात. साखर पचली नाही, तर आतड्यातील जंतू तिच्यापासून हायड्रोजन वायू तयार करतात. तो रक्तात मिसळून फुप्फुसांत येतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. श्वासातील हायड्रोजनचे माप वाढले, की साखर न पचल्याचे कळते. ही परीक्षा उपयुक्त आहे. परंतु बहुतेक माणसांचे काम दोन आठवड्यांच्या पथ्याने आणि वहीने भागते.

लहान मुलांविषयी मात्र अधिक सावध राहिले पाहिजे. तान्ह्या बाळाच्या आतड्यात लॅक्टेज भरपूर असते. म्हणूनच सर्व दुधांत अधिक साखर असलेले आईचे दूध त्याला सुखाने पचते. जन्मतःच लॅक्टेज नसणे ही अत्यंत दुर्मिळ गोष्ट होय. तथापि जुलाबाच्या आजारात आतड्याचे अस्तर सोलवटले जाते आणि काही दिवस, कधी काही आठवडे, लॅक्टेज कमी पडते. अशा वेळी बाळाला पाण्यासारखे, आंबूस वासाचे शौच होते आणि कुल्ल्यांची कातडी लाल होते. हे पाहून घरातील मंडळी घाबरतात आणि अंगावरचे दूध तोडण्याचा सल्ला देतात. हा सल्ला अत्यंत हानिकारक आहे. बाळाला जुलाब होत असतानाही आईचे दूध चालूच ठेवावे. किंबहुना अधिक वेळा पाजावे. जोडीला क्षारसंजीवनीचे पाणी द्यावे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने चौदा दिवस झिंक द्यावे. अस्तर भरून आले, म्हणजे लॅक्टेज आपोआप परत येते. वरचे दूध घेणाऱ्या मुलाचे जुलाब चौदा दिवसांपलीकडे लांबले, तर काय बदलावयाचे ते डॉक्टरांनी ठरवावे, शेजारणीने नव्हे. डोळे खोल गेले, लघवी कमी झाली किंवा मूल मलूल पडले, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

शाळकरी मुलांच्या बाबतीत या विषयाला आणखी एक बाजू आहे. कर्नाटक सरकारने १ ऑगस्ट २०१३ पासून क्षीरभाग्य योजना सुरू केली. सरकारी शाळांतील मुलांना दूध भुकटीपासून केलेले १५० मिलिलिटर गरम दूध देण्याची ही योजना होती. ज्या घरांत दूध विकले जाते आणि मुलांच्या वाट्याला चहाच येतो, अशा घरांतील बालकांना तिचे मोल फार. १५० मिलिलिटर दुधात सुमारे ७ ग्रॅम दुग्धशर्करा असते. लॅक्टेज कमी असलेली बहुसंख्य माणसेही एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत, म्हणजे पेलाभर दुधाइतकी साखर, फारसा त्रास न होता सोसू शकतात, असा अनुभव आहे. तेव्हा शाळेतील दुधाला भिण्याचे कारण नाही. तरीही एखादे मूल नेमके दुधानंतरच वारंवार पोट धरून बसत असेल, तर शिक्षकांनी त्याला दटावू नये आणि हसूही नये. सकाळी काही खाऊन आला होता का, हे प्रथम विचारावे. कारण रिकाम्या पोटी घेतलेले दूध अधिक बाधते. अर्धा पेला द्यावा, खाण्याबरोबर द्यावा, आणि तरीही त्रास राहिला तर पालकांना बोलावून सांगावे. मुलाने दूध नाकारले, याचा अर्थ मुलाने शिस्त मोडली असा होत नाही.

आता उपाय. या दुखण्यावर सुदैवाने औषधापेक्षा स्वयंपाकघरच अधिक उपयोगी पडते. दूध विरजले, म्हणजे विरजणातील जंतू त्यातील साखरेचा काही भाग आंबवून टाकतात; शिवाय ते जंतू स्वतःचे पाचकद्रव्य घेऊन पोटात जातात आणि उरलेली साखर फोडण्यास हातभार लावतात. म्हणून ज्याला पेलाभर दूध सोसत नाही, त्याला वाटीभर दही बहुधा सोसते. ताकात तर दह्याचे पाणी झालेले असते. तिप्पट पाणी घातलेल्या पेलाभर ताकात साखर अवघी दोनएक ग्रॅम राहते. तुपात ती जवळजवळ नसतेच. छन्न्यातही ती कमी असते, कारण तिचा मोठा भाग निवळीबरोबर निघून जातो. आयुर्वेदाने ग्रहणीच्या रोग्याला ताक सांगितले, त्यामागील अनुभव या हिशेबाशी जुळणारा आहे.

सीमाभागातील जुन्या घरांना हे शास्त्र हाताने ठाऊक होते. या टापूचे भूषण असलेली देवणी गाय औताला बैल देई आणि घराला दूध. ते दूध उन्हाळ्याच्या कडाक्यात टिकत नसे. म्हणून त्याला विरजण लागे, सकाळी रवी फिरे, लोणी कढवून तूप होई आणि ताक घरीदारी वाटले जाई. मार्गशीर्षातील अमावास्येला बिदर, कलबुर्गी, लातूर, धाराशिव या सर्व भागांत शेतकरी कुटुंबे शेतात जाऊन वेळ अमावास्या साजरी करतात. त्या दिवशी ज्वारीचे पीठ आणि आंबट ताक यांची आंबील माठांनी भरून नेतात, आणि लहानथोर सारे ती तांब्यावर तांब्या पितात. नुसत्या दुधाचे तेवढे तांबे कोणी रिचवले असते, तर संध्याकाळी पुष्कळांना पोट धरून बसावे लागले असते.

काही समजुती मात्र सुधारल्या पाहिजेत. दूध अधिक उकळल्याने त्यातील साखर नाहीशी होत नाही. उलट आटवल्याने ती घट्ट होते. किलोभर खव्यासाठी चारपाच लिटर दूध आटवावे लागते, आणि तेवढ्या दुधातील साखर त्या किलोभर खव्यात उतरते. म्हणून गाणगापूरहून आलेल्या पेढ्यांच्या पुड्यातील दोनतीन पेढे हे दिसावयास लहान, पण साखरेच्या हिशेबाने जवळजवळ अर्धा पेला दूध असू शकतात. शेळीचे दूध हलके म्हणून सुचवले जाते. परंतु त्यातही दुग्धशर्करा गाईच्या दुधापेक्षा फारशी कमी नसते. हळद किंवा सुंठ घातल्याने दूध रुचकर होते, पण साखर तेवढीच राहते. बाजारात लॅक्टेजच्या गोळ्या आणि ती साखर आधीच फोडलेले दूधही मिळते. ज्याला परवडेल त्याने ते घेण्यास हरकत नाही, परंतु त्यावाचून अडते असे मात्र नाही.

ज्याला दूध मुळीच नको असेल, त्याने दुधातून मिळणाऱ्या चुन्याची, म्हणजे कॅल्शियमची, भरपाई केली पाहिजे. वाढती मुले, गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या माता आणि वृद्ध स्त्रिया यांच्या हाडांना त्याची विशेष गरज असते. प्रौढ माणसाला रोज सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे असते. केवळ ज्वारीची भाकरी आणि तुरीचे वरण यांनी ही गरज भागत नाही. नाचणी, तीळ, शेवग्याचा पाला, राजगिरा आणि काट्यांसह खाता येणारी लहान मासळी यांत कॅल्शियम भरपूर आहे. तिळाला कानडीत एळ्ळु म्हणतात, आणि वेळ अमावास्येला कानडी शेजारी एळ्ळ अमावास्या म्हणतो. तिळाची चटणी भाकरीवर नित्य पडू लागली, तर सणाचे नाव वर्षभर सार्थ होईल.

शेवटी, दूध बाधणे हा रोग नव्हे, दोषही नव्हे आणि लाडही नव्हे. ती मानवाच्या मोठ्या भागाची स्वाभाविक शरीरस्थिती आहे. तिच्यापायी आमांशाची नाहक औषधे घेऊ नयेत, आणि तिच्या नावाखाली ताप, रक्त किंवा उतरणारे वजन यांकडे दुर्लक्षही करू नये. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, अशी म्हण मराठीत आहे. दुधाने पोट बिघडलेल्या माणसाने मात्र ताक निःशंकपणे प्यावे. वेळ पाहावी, माप पाहावे, वहीत लिहावे. आणि घरातील जे मूल किंवा जी सून दुधाचा पेला मुकाट्याने बाजूला सारते, तिला एकदा आपुलकीने विचारावे, की दूध आवडत नाही, की दूध सोसत नाही. या दोन प्रश्नांतील फरक ज्या घराला कळला, त्या घरात हे दुखणे फार दिवस टिकणार नाही.